पायाशी बसणारी मोठी मावशी

आमच्या वृद्धनिवासात मी स्वयंपाकीण आहे. निवास नगरपालिकेचा, त्यामुळे भिंतींचा रंग सरकारी, पंखे सरकारी आणि भाजीत पडणारं तेलही सरकारी हातानेच पडतं. ज्यांच्याकडे बघायला घरात कुणी नाही, किंवा आहे पण त्याला जमत नाही, अशी म्हातारी माणसं इथे राहतात. ज्यांना अजून आपापल्या घरी राहता येतं, त्यांच्यासाठी मी दुपारचे डबे भरते आणि आमची गाडी ते घरोघरी पोचवते. स्वयंपाकघर आणि मोठा हॉल यांच्यामध्ये ताटं सरकवायला एक खिडकी आहे. तिच्यातून मला अर्धा हॉल दिसतो, उरलेला अर्धा ऐकू येतो. या खिडकीपाशी माझी निम्मी हयात गेली, आणि त्यातली बरीचशी मोठ्या मावशीशी भांडण्यात गेली.

निवासात सगळ्याच मदतनीस बायकांना मावशी म्हणतात. आंघोळ घालणारी मावशी, चादरी बदलणारी मावशी, भरवणारी मावशी. ही सगळ्यांत जुनी, म्हणून मोठी. अंगाने मात्र लहानखुरी, खिडकीच्या कठड्याच्या वर फक्त कपाळ आणि डोळे दिसायचे. पण त्या कपाळाखालून जो आवाज यायचा, तो कोठीपर्यंत पोचायचा. "त्या कोपऱ्यातल्या आजोबांना दात नाहीत, तू दगड शिजवलेस का?" मी म्हणायची, "मग तूच ये आणि शिजव." ती खरंच आत यायची, माझ्या हातातून डाव काढून घ्यायची आणि भाजी घोटून घोटून तिचं वाटोळं करायची. तिला अहोजाहो केलेलं चालायचं नाही. मी काय साहेब आहे का, म्हणायची.

तिची एक सवय होती. कुणाचा शेवट जवळ आलाय असं डॉक्टर म्हणाले, की मोठी मावशी आपलं काम उरकून त्या माणसाच्या पलंगाच्या पायथ्याशी स्टूल घेऊन बसायची, चादरीखाली हात घालायची आणि त्याचे दोन्ही पाय हातात धरायची. बोलायची नाही, रडायची नाही. पाळी संपली तरी उठायची नाही. माणूस गेला की पाय सरळ करून चादर नीट खोचायची आणि मग खिडकीशी येऊन माझ्याकडे चहा मागायची. तो चहा मी न बोलता द्यायची. तेवढ्यापुरतं आमचं भांडण बंद असायचं.

एकदा मी विचारलं, पायच का? लोक हात धरतात.

"हात मिळतो कुठे धरायला?" ती म्हणाली. "एका हातात सिस्टर शीर शोधत असते, दुसऱ्याची नाडी डॉक्टर बघतात. उशाशी नातेवाईक, आलेच तर. मला आपले पाय उरतात. आणि ते गार पडतात गं आधी. आपण एकटे नाही हे कळायला कुठूनही धरलं तरी चालतं."

तिला आधीच काही कळायचं वगैरे नाही, हे मी इथेच सांगून ठेवते, कारण पुढे लोकांनी तिच्याबद्दल नाही नाही ते उठवलं. डॉक्टर चुकले की तीही चुकायची. आमच्याकडे एक शिंपीणबाई होत्या. त्यांचं आता काही खरं नाही म्हणून मावशी दोन दुपार त्यांचे पाय धरून बसली. तिसऱ्या दुपारी बाई उठून बसल्या, चहा मागितला आणि तो अगोड आहे म्हणून माझ्या नावाने खडे फोडले. मावशीने माझ्याकडे येऊन दोन दिवसांचा राग काढला. म्हणाली, "माझी कंबर धरली बसून बसून, आणि ही बया चहात साखर मागते." त्यानंतर शिंपीणबाई कित्येक वर्षं जगल्या आणि सगळ्यांना पुरून उरल्या.

पोस्टमास्तरांची बायको मात्र खरंच गेली. हे पोस्टमास्तर म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले, बूट चकचकीत ठेवणारे, शब्द तोलून बोलणारे गृहस्थ. नवराबायको दोघंही आमच्याकडेच राहायला आले होते. बाई गेल्या तेव्हा पोस्टमास्तर हॉलच्या दाराशी उभे होते, आत यायचं बळ त्यांना होईना. मावशी पायाशी होती. नंतर ते तिला फक्त एवढंच म्हणाले, "तुम्ही होतात, बरं झालं." तेव्हापासून मोठी मावशी दिसली की ते खुर्चीतून उठून उभे राहायचे.

त्याच दिवशी चहा पिता पिता मावशी मला म्हणाली, "माझ्या वेळी तू बस हं."

"कुठे?"

"पायाशी, आणखी कुठे? तुझे हात गरम असतात. दिवसभर चुलीपाशी असतेस."

मी म्हटलं, आधी तुझी जाण्याची तयारी तर दिसू दे, तू मला पोचवूनच जाशील. पण ती हसली नाही. तिला नवऱ्याने फार लवकर सोडलं होतं, मूलबाळ नव्हतं. बहीण गेल्यावर तिची मुलगी मावशीनेच वाढवली, शिकवली, मार्गी लावली. ती भाची गुणाची होती, पण तिचा संसार दुसऱ्या गावी, दोन खोल्यांत, सासूसासऱ्यांसकट. मावशीने हा सगळा विचार केलेला होता हे मला दिसलं. म्हणून मी म्हटलं, "बसेन." तिने मान हलवली आणि कप विसळून जागेवर ठेवला.

ती निवृत्त झाली आणि सायकलच्या दुकानावरच्या तिच्या खोलीत राहू लागली. पहिली काही वर्षं बरी गेली. मग दूध उतू जायला लागलं, चावी हरवायला लागली. नगरपालिकेकडून घरी येऊन मदत करणाऱ्या मुली असतात, त्यांतली एक तिच्याकडे जायला लागली. मावशीने त्या मुलीला खुर्चीत बसवलं, तिच्यासाठी चहा केला आणि चादरीचे कोपरे कसे दुमडायचे ते शिकवायला घेतलं. मुलगी मला सांगायची, "मी त्यांच्याकडे कामाला जाते की शिकवणीला, तेच कळत नाही." आम्ही दोघी खूप हसलो होतो. त्यानंतर एक दिवस मावशी सकाळी सकाळी आमच्या फाटकाशी उभी दिसली. झोपायच्या कपड्यांवर जुना एप्रन उलटा बांधलेला, पायात काही नाही. म्हणाली, पाळी बदलायची वेळ झाली ना? तेव्हा मी हसले नाही.

हे वरचेवर व्हायला लागलं. एकदा गॅस चालू ठेवून ती निघून आली, तेव्हा खालच्या दुकानदाराने हात टेकले. भाचीने धावपळ केली, आमच्या मॅनेजरबाईंनी वरपर्यंत खटपट केली आणि मावशीला आमच्याच निवासात जागा मिळाली. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, आता काय, खिडकीतून अर्धा वेळ दिसेल, उरलेला ऐकू येईल, आणि दिलेला शब्द पाळायला मला हॉल ओलांडण्याइतकंच चालावं लागेल.

ती मुळी राहायला आलीच नव्हती, ती कामावर आली होती. सकाळी उठून शेजारणीची चादर बदलायला घ्यायची, शेजारीण तिच्यावर झोपलेली असली तरी. नव्या मदतनीस मुली समजूतदार होत्या. त्यांनी तिला टॉवेलांची चवड आणून द्यायला सुरुवात केली. ती दिवसभर घड्या घालायची, मुली मागच्या दाराने त्या विस्कटून पुन्हा आणून द्यायच्या. मला ते बघवायचं नाही, पण ती सुखात होती हे खोटं कसं म्हणू?

मग एका दुपारी पोस्टमास्तर जेवून आडवे झाले. वर्तमानपत्र छातीवर, बूट पलंगाखाली. चांगले ठणठणीत होते, सकाळीच बागेला फेऱ्या मारून आले होते. डोळा लागला असेल नसेल, पायाला काही लागलं म्हणून त्यांनी डोळे उघडले. समोर मोठी मावशी. स्टूलवर बसलेली, चादरीखाली हात, आणि चेहऱ्यावर तोच जुना शांतपणा.

त्यांची किंकाळी मी फोडणी टाकता टाकता ऐकली. कढई तशीच टाकून धावले. पोस्टमास्तर पलंगाच्या कडेला पाय पोटाशी घेऊन बसले होते, पांढरेफटक. मावशी त्यांना समजावत होती, "काही नाही, काही नाही, मी आहे ना." याहून वाईट ती दुसरं काही बोलूच शकली नसती.

तिच्या डोक्यातली बाकीची कामं हळूहळू पुसली गेली आणि हे एकच उरलं. टॉवेल सोडून ती उठायची आणि कुणीही आडवं दिसलं की त्याच्या पायाशी जाऊन बसायची. आमच्या हॉलमध्ये जुनी माणसं होती, मावशी पायाशी बसली म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं. नव्यांना जुन्यांनी सांगितलं. बायका मांडी घालून बसल्या बसल्या झोपायला लागल्या. पुरुष बुटांसकट पांघरूण घ्यायला लागले. धुणाऱ्या मावशीने चादरींवरचा चिखल आणून माझ्यासमोर धरला, जसा काही तो मीच शिजवला होता. आधी सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. मग शिंपीणबाई गेल्या.

त्यांचं हृदय कधीचं थकलं होतं. आदल्या दिवशी मावशी त्यांच्या पायाशी बसली होती हे खरं. पण त्याच दिवशी ती आणखी कितीजणांच्या पायाशी बसली होती आणि ते सगळे संध्याकाळी माझ्याकडे चहा मागत होते, त्याचा कुणी विचार केला नाही. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. ती दारात आली की बोलणं थांबायचं. जिने भरवल्याशिवाय ज्यांचा घास उतरत नसे, त्या बायकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं हीच काय ती देवाची दया.

मी माझ्या परीने सगळं करून पाहिलं. तिला स्वयंपाकघरात बसवून मटार सोलायला दिले. ती सोललेले दाणे पुन्हा सालीत घालून ठेवायची. एक दिवस मी खुर्चीवर बसले, पाय तिच्यासमोर केले आणि म्हटलं, "घे, माझे धर. कुणाचे तरी धरायचेच आहेत ना?" तिने माझे पाय हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले आणि खाली ठेवले. म्हणाली, "तू धडधाकट आहेस. टाचांना तेल लाव, भेगा पडल्यात." मला हसूही आलं आणि रडूही आलं.

शेवटी पोस्टमास्तर मॅनेजरबाईंकडे गेले. मी दुधाचा हिशेब द्यायच्या निमित्ताने दाराशीच होते. ते म्हणाले, "मला त्यांच्याबद्दल एक शब्द वाईट बोलायचा नाही. माझ्या बायकोच्या वेळी त्याच होत्या. पण म्हणूनच सांगतो, त्या माझ्याकडे यायला निघाल्या की मला बायकोचे पाय दिसतात. मला झोप नाही. मी म्हातारा आहे बाई, मेलेलो नाही."

मी मॅनेजरबाईंशी भांडले. चांगली खडाजंगी झाली. त्या ऐकून घेत होत्या, ती बाई वाईट नव्हतीच. म्हणाल्या, "तुला एक मावशी दिसते. मला हॉलभर माणसं दिसतात, जी घाबरून बसलेली आहेत. त्यांचंही हे घरच आहे ना?" ज्यांची स्मृती गेली आहे अशा माणसांसाठी शहराबाहेर एक केंद्र आहे, तेही सरकारीच. तिथे प्रत्येकाला वेगळी खोली, शिकलेली माणसं. डॉक्टरांनी तपासलं, भाचीने डोळे पुसत होकार दिला आणि ठरलं.

डबे पोचवणाऱ्या गाडीतूनच तिला न्यायचं होतं. मी तिचा एप्रन धुऊन घडी करून दिला. तिने विचारलं, "तिकडे माणसं कमी आहेत का?"

"हो," मी म्हटलं. "मुली नव्या आहेत, त्यांना काही येत नाही."

"मग जायला हवं." ती गाडीत चढली, काचेतून माझ्याकडे बघून म्हणाली, "तोवर इथे लक्ष ठेव. कुणाला एकटं सोडू नका." मी हो म्हटलं. हॉलमधलं कुणी बाहेर आलं नाही. पोस्टमास्तर तेवढे व्हरांड्यात उभे होते, खुर्ची असून उभे.

मी सुट्टीच्या दिवशी तिकडे जात राहिले. दोन बस बदलून जावं लागतं. केंद्र फार छान आहे, मी उगाच नावं ठेवणार नाही. फरशी आरशासारखी, खिडक्यांना पडदे, जेवण माझ्यापेक्षा बरं. पाय गार पडू नयेत म्हणून सगळ्यांना जाड लोकरीचे मोजे घालतात. मावशी आरामखुर्चीत बसलेली असायची, हात मांडीवर, तळवे वर. तिथे कुणाच्या खोलीत कुणी जात नाही. एकदा तिने माझ्याकडे बघून विचारलं, "तुमचं कोण आहे इथे?"

"माझी मावशी आहे."

"बोलते का?"

"कधी कधी."

"बोलत नसली तरी येत जा," ती म्हणाली.

तिथल्या सिस्टरना मी सांगून ठेवलं, हिची तब्येत खालावली तर मला कळवा, वेळकाळ बघू नका. त्यांनी नम्रपणे विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? मी म्हटलं, आम्ही एकत्र कामाला होतो. त्या म्हणाल्या, नियमाप्रमाणे जवळच्या नातेवाइकांनाच कळवतो, भाचीचा नंबर आहे आमच्याकडे. मी भाचीकडून शब्द घेतला की ती मला लगेच सांगेल. याहून जास्त मला काही करता येण्यासारखं नव्हतं.

इकडे निवासात सगळे बूट काढून झोपायला लागले. थंडी आली आणि पोस्टमास्तरांनी अंथरूण धरलं. आधी खोकला, मग छातीत पाणी. हॉस्पिटलमध्ये नेऊन परत आणलं, कारण ते म्हणाले, मला माझ्या पलंगावर न्या. मी वाटीतून चमच्याने सूप भरवत होते. तेही दोन घोटांनंतर नको म्हणाले.

"मोठ्या मावशी कुठे आहेत?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हीच ना पाठवलंत?"

"माहीत आहे," ते म्हणाले. "पण बोलवा त्यांना."

मी तशीच मॅनेजरबाईंकडे गेले. त्यांनी माझ्यासमोरच केंद्राला फोन लावला, अगदी विनवण्या केल्या. पलीकडून उत्तर आलं की त्या आता कुठे रुळल्यात, प्रवासाने पुन्हा बिथरतील, आम्ही परवानगी देऊ शकत नाही. त्यांचंही बरोबरच होतं. या सगळ्या प्रकरणात चुकीचं असं कुणी बोललंच नाही, तेच मला सहन होत नाही.

पोस्टमास्तर दार वाजलं की मान वळवायचे. मी सांगायची, निघाल्यात, वाटेत आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर हाताशी होती, डॉक्टर उशाशी. मी गॅस बंद केला, स्टूल ओढलं आणि पायाशी बसले. चादरीखाली हात घातला. पाय गुडघ्यापर्यंत बर्फ झाले होते. मला नीट धरताही येईना, घट्ट धरावं की सैल, काही कळेना. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता.

"आलात?" ते म्हणाले.

"आले," मी म्हटलं.

चहाच्या सुमाराला ते गेले. मी पाय सरळ केले, चादर खोचली आणि स्वयंपाकघरात आले. चहा करून द्यायला कुणी नव्हतं, म्हणून मीच केला.

त्या सुट्टीला मी मावशीला जाऊन सांगितलं, पोस्टमास्तर गेले. तिने मला ओळखलं नव्हतं आणि पोस्टमास्तर कोण हेही तिला आठवत नव्हतं. पण तिने विचारलं,

"पाय धरले होते ना कुणी?"

"हो. मी धरले होते."

"मग झालं," ती म्हणाली, आणि माझा हात हातात घेऊन तो गरम आहे का ते पाहिल्यासारखं केलं.

थंडी संपता संपता एका सकाळी भाचीचा फोन आला. मी डबे भरत होते. ती रडत म्हणाली, मावशी गेली, त्यांनी मला आत्ताच कळवलं, लगेच तुम्हाला लावला. तिने शब्द पाळला होता. मी केंद्राला फोन केला. तिथल्या सिस्टर फार चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, काही त्रास झाला नाही, झोपेतच गेल्या, सकाळी चहा घेऊन गेलो तेव्हा कळलं.

मी विचारलं, "पायाशी कुणी होतं का त्यांच्या?"

माझं म्हणणं त्यांना समजलं नव्हतं, पण मला बरं वाटावं म्हणून त्या आठवून, अगदी मायेने म्हणाल्या, "पायांची काही काळजी करू नका हो. पायात मोजे होते त्यांच्या. आम्ही रोज बदलतो."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. डबे निम्मे भरायचे राहिले होते आणि गाडी दाराशी उभी होती.